विसातले पंधरा

मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात मला ‘होम मिनिस्टर’ म्हणत. सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढलो की मागच्या बाकावरून आरोळी यायची, “आवो आवो, होम मिनिस्टर! डिफेन्सना शुं समाचार?” डिफेन्स म्हणजे माझी बायको. ती टीव्हीवर लढाईच्या जागेवरून बातम्या द्यायची. मी सुभानपुऱ्यातल्या घरात मुलीच्या वेण्या घालून, आईला रक्तदाबाची गोळी समोर उभं राहून घ्यायला लावून, स्वतःचा डबा भरून बस गाठायचो. बसमधल्या लोकांबरोबर मीही हसायचो. ती चांगली माणसं होती, आणि हसलो नसतो तर त्यांनी विचारपूस सुरू केली असती.

माझं काम मापं तपासण्याचं. तयार झालेला भाग ठरलेल्या मापात आहे की नाही हे बघायचं, आणि तेवढंच सांगायचं. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. लढाईवरून टीव्हीवर बोलणारी देशातली पहिली बाई ती, असं लोक तिच्या सत्काराच्या भाषणांत म्हणतात. ते मला खात्रीने सांगता येत नाही. तिच्या वाहिनीत तिच्याआधी कुणी बाई गेली नव्हती, एवढं नक्की.

आमचं लग्न झालं तेव्हा ती बडोद्याच्या केबलवर शहराच्या बातम्या वाचायची. पाणी कुठे येणार नाही, गरब्यासाठी कुठले रस्ते बंद, असल्या. मग अहमदाबाद, मग दिल्लीच्या एका वाहिनीची गुजरातची बातमीदार. सीमेवर लढाई सुरू झाली तेव्हा तिने पाठवा म्हणून हट्ट धरला. साहेब म्हणाले, “बाईमाणसाला तंबूत ठेवायचं कुठे?” ती म्हणाली, “ठेवायचं काय त्यात? मी काय लोणचं आहे?” हे तिने मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. आम्ही दोघं पुष्कळ हसलो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की ती जाणार, हे त्यात ठरूनच गेलं होतं. मला तिने विचारलं नव्हतं आणि मीही काही म्हटलं नव्हतं. ती नीट काम करून परत आली, आणि पुढे परदेशात कुठे लढाई पेटली की तिलाच पाठवू लागले. तेव्हा आमची मुलगी चौथीत होती.

आमच्या घरात एक रीत होती. माझे पणजोबा संस्थानात वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचे अधिकारी होते. ते दौऱ्यावर निघाले की पोचल्याची खबर येईपर्यंत घरातली वडीलधारी बाई जेवत नसे. खबर घेऊन माणूस यायचा, कधी दुसऱ्या दिवशी. पुढे माणसाच्या जागी पत्र आलं, तार आली, फोन आला, पण रीत तीच राहिली. वडील कामासाठी सुरतेपर्यंत गेले तरी त्यांचा फोन वाजेपर्यंत आई पान घेत नसे. सून परदेशात लढाईवर गेल्यावर आईने ही रीत टीव्हीला लावली. आठच्या बातम्या लागल्या की ती खुर्ची पुढे ओढून बसायची. सून पडद्यावर आली की म्हणायची, “दिसली गं बाई. चला, पानं घ्या.” ती काय बोलते आहे ते आई ऐकत नसे. सून उभी आहे, हातपाय धड आहेत, एवढं तिला पुरायचं. नाही दिसली तर आई कपभर दूध घेऊन आडवी व्हायची. शेजारच्या बेन कुंपणावरून विचारायच्या, “मासी, आजे वहु आव्यां के?” आई सांगायची, “आवी, आवी! जरा वाळलीये, पण आवी.”

एका संध्याकाळी आई पानं घ्यायला उठली आणि मी पडद्याकडे बघत राहिलो. बायको एका मोडक्या पुलासमोर उभी होती. तिची सावली तिच्या बुटांपाशी गोळा झालेली होती. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हे तिनेच निघताना सांगितलं होतं. आमच्याकडे आठ वाजले म्हणजे तिथे साडेपाच. साडेपाचला सावली माणसापेक्षा लांब हवी. म्हणजे हे चित्र दुपारचं होतं. आम्ही पाहिली ती दुपारची ती. त्यानंतर ती कुठे गेली, आत्ता कुठे आहे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईने हाक मारली, “अरे, वरण निवतंय.” मी जाऊन बसलो. सांगितलं असतं तर ती उठली असती पानावरून, आणि मग रोजच उपाशी राहिली असती. त्या दिवसापासून मी रोज सावली बघू लागलो. सावली लांब असली की बरं वाटायचं, म्हणजे चित्र ताजं. आखूड असली की मी दुसऱ्यांदा वाढून घेत नसे. एकाच ताटाळ्यातली ताटं, एकच वरण, आणि आई व मुलगी निर्धास्त जेवताहेत. घर भरलेलं असताना इतकं एकटं वाटेल असं मला आधी वाटलं नव्हतं.

अधूनमधून तिचा उपग्रहाच्या फोनवरून फोन यायचा. त्या फोनवर आपले शब्द पलीकडे पोचायला क्षणभर लागतो. सुरुवातीला आम्ही दोघं एकदम बोलायचो आणि एकदम थांबायचो. मग शिकलो. बोलायचं, आणि थांबायचं.

“जेवलास?”

“जेवलो. तू?”

“बिस्किटं. पोरगी?”

“झोपली. उद्या चित्रकलेची परीक्षा आहे.”

“तिला सांग...” आणि फोन तुटायचा. तिला काय सांगायचं ते मी आपल्या मनाने ठरवून सकाळी सांगायचो. आई म्हणाली, रंग सांडू नकोस. आई म्हणाली, वेळेवर ऊठ. मुलीला एकदा संशय आला. म्हणाली, “बाबा, आई तुमच्यासारखंच कसं बोलते हो?”

पुढे एका संध्याकाळी आईने सांज्याच्या पोळ्या केल्या होत्या. बायको पडद्यावर दिसली, सावली आखूड होती, आम्ही जेवलो. भांडी आवरताना दिल्लीच्या ऑफिसातून फोन आला. दुपारी, ते चित्रण करून परतताना, त्यांच्या गाडीजवळ स्फोट झाला होता. चालक जागीच गेला. ती वाचली. डोक्याला आणि डाव्या कानाला मार होता, शुद्धीवर होती. मी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांनी जसं सांगितलं तसं आईला सांगितलं.

आई ओट्याला टेकली. मग म्हणाली, “मग आपण बघितली ती?”

“दुपारची. आधीची.”

“आणि रोज बघायचो ती?”

“तीही बहुतेक वेळा दुपारची.”

“तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“आणि मी जेवत होते ते बघत बसायचास,” आई म्हणाली. उरलेल्या पोळ्या तिने झाकून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या कुणी खाल्ल्या नाहीत.

बायको दीड महिन्याने घरी आली. केस एका बाजूने कापलेले, चेहरा तसाच. डाव्या कानाने ऐकू येणं कायमचं गेलं होतं. एक कान गेला की आवाज निम्मा होत असेल, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. आवाज ऐकू येतो, पण कुठून आला ते कळत नाही. कुकरची शिट्टी झाली की ती गॅलरीत जायची. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि ती दाराकडे बघायची. आमचं बोलणंही गमतीचं झालं होतं. फोनची सवय दोघांनाही लागलेली. मी काही म्हटलं की ती थांबायची, मग उत्तर द्यायची. एका खाटेवर बसून आम्ही परदेशातून बोलल्यासारखे बोलायचो.

नागरवाड्यातल्या नातेवाईक बायका भेटायला आल्या. “पुष्कळ केलंत हो. आता जरा घर बघा.”

“बघतेच आहे,” ती म्हणाली. “कुठे पडतंय बिडतंय का?”

बायका हसल्या. आई हसली नाही. मीही नाही. तिने राहावं, एवढीच माझी इच्छा होती. ती मी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. दिवसभर मापं घेताना, बसमध्ये, मुलीची वेणी घालताना तेच चालू असायचं. वाहिनीने तिला कळवलं होतं: तुम्ही जाऊ शकता असं तुम्हाला वाटलं की सांगा, नाहीतर दिल्लीत खुर्चीवरचं काम आहे, तेही नको तर अहमदाबादला. अहमदाबाद म्हणजे रोज संध्याकाळी घरी. मी गाड्यांच्या वेळा पाहून ठेवल्या होत्या.

एक दिवस ती मला गच्चीवर घेऊन गेली. आईसमोर ती मला अहो म्हणायची, एरवी अरे.

“तिथे आधी कान लागतात,” ती म्हणाली. “गोळी कुठल्या अंगाने आली ते कानाला कळतं. डोळ्यांना कळेपर्यंत उशीर होतो. मला कळतंय की नाही, ते तू बघ.”

“डॉक्टरांना विचार ना.”

“डॉक्टर ऐकू येतं का ते सांगतात. कुठून ते सांगत नाहीत. आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर कुणी माझी दया येऊन कमी सांगेल, कुणी मला बरं वाटावं म्हणून जास्त. तू खोटं मोजणार नाहीस.”

मी म्हटलं, “आधी मर्यादा ठरव. मोजून झाल्यावर ठरवायची नसते.”

“तूच ठरव.”

मी खडूने गच्चीवर आठ खुणा केल्या आणि मध्ये खुर्ची ठेवली. तिने ओढणीने डोळे बांधले. मी अनवाणी फिरायचो, चिठ्ठी निघेल त्या खुणेवर उभा राहून स्टीलच्या वाटीवर चमच्याने तीन टोले द्यायचो. तिने त्या दिशेला हात करायचा. असं वीस वेळा. नुसत्या अंदाजाने हात केला तरी आठांत एक, म्हणजे दोन-तीन बरोबर यायलाच हवेत. माझे स्वतःचे डोळे बांधून मुलीला वाटी वाजवायला लावली तेव्हा माझे अठरा आले. मी तिला सांगितलं, पंधरा. दोन कान असलेल्या माणसाला अठरा येत असतील तर पंधरा रास्त, असं मला खरंच वाटलं. सतरा म्हटलं असतं तरी तिने ऐकलं असतं.

पहिल्या दिवशी चार आले. मी चार सांगितले. ती म्हणाली, “बरं,” आणि खुर्ची खाली घेऊन गेली. त्या रात्री मला फार दिवसांनी शांत झोप लागली.

पण ती सोडणारी नव्हती. रोज सकाळी बस येण्याआधी गच्ची. हळूहळू तिला युक्ती सापडली. पहिल्या टोल्याला स्थिर राहायचं, दुसऱ्याला मान किंचित वळवायची, तिसऱ्याला पुन्हा. आवाज कुठल्या वळणावर मोठा होतो त्यावरून ती दिशा काढू लागली. सात आले. मग दहा. मग एका सकाळी सोळा. मी सोळा सांगितले आणि लगेच म्हटलं, “हे धरायचे नाहीत. शेजारच्या भिंतीवरून आवाज परत येतो, तू भिंत ओळखायला लागली आहेस. मोकळ्यावर बघू.” हे खरं होतं. भिंत होती आणि आवाज परत येत होता. पण ते सुचलं तेव्हा मला झालेला आनंद मापातला नव्हता.

“मोकळ्यावर तर मोकळ्यावर,” ती म्हणाली. “कधी?”

मोकळ्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मला म्हणाली, “बस इथे.” मी बसलो.

“उद्या काय ते ठरतंय ना?”

“तुला कोणी सांगितलं?”

“गच्चीवर रोज सकाळी वाटी वाजते, ती काय आरतीची? सांग की तिला, नाही जमत म्हणून.”

“जमलं तर?”

“तरी सांग. एवढं एक खोटं बोल.” ती काड्या वेगळ्या करत राहिली. “तुझे वडील बोलले नसते. ते तसेच होते. तू बोल. पाप लागलं तर मला लागू दे, माझं वय झालंय.”

मग ती म्हणाली, “तुझ्या आजोबांसारखा बसलाय नुसता,” आणि जुडी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघांनी मिळून ती निवडली.

कारखान्याच्या मागे एक रिकामा प्लॉट होता. सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी नसायचं, एखाद-दुसरी गाय असायची. मी फीत लावून खुणा केल्या, गच्चीपेक्षा लांब. तिने डोळे बांधले. वारा नव्हता. एकोणीस खेपा झाल्या तेव्हा चौदा बरोबर होते. तिला आकडा माहीत नव्हता. मी मध्ये सांगत नसे.

विसावी चिठ्ठी डाव्या अंगाच्या मागच्या खुणेची निघाली. तिचा मेलेला कान त्याच अंगाला. मी टोले दिले. तिने मान वळवली, पुन्हा वळवली, आणि हात केला. हात त्या खुणेकडेही नव्हता आणि शेजारच्या खुणेकडेही नव्हता. दोन्हींच्या मध्ये होता. तिने तो तसाच धरून ठेवला.

मी फीत घेऊन तिच्यापर्यंत गेलो, तिच्या बोटाच्या रेषेत उभा राहिलो, दोन्हीकडचं अंतर मोजलं. माझ्या खुणेकडे वीतभर जास्त झुकलेला होता, किंवा तिचा हात थकून तेवढा हलला होता. आमच्याकडे असा भाग आला की एक नियम असतो: रेषेवर असेल तर पास. तो नियम मी केलेला नाही, पण मी आयुष्यभर पाळला आहे. नाही म्हटलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. तिलाही नाही.

“किती रे?” डोळे बांधलेले असतानाच तिने विचारलं.

“पंधरा.”

तिने ओढणी सोडली. मला वाटलं ती खूश होईल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “चल, ऊन लागतंय.” ती स्कूटरवर मागे बसली.  वाटेत मी बोललो असतो तर माझं बोलणं मागून येतंय की पुढून, हा विनोद तिने नक्की केला असता.

दहा दिवसांनी ती गेली. आईने तिच्या तळहातावर दही घातलं आणि म्हणाली, “येते म्हण.” ती म्हणाली, “येते.” स्टेशनवर मी तिला खिडकीची जागा मिळवून दिली, उजवा कान लोकांकडे राहील अशी. गाडी हलली तेव्हा मी काहीतरी म्हणालो, पण मी डाव्या बाजूला उभा होतो.

त्यानंतर आई आठच्या बातम्यांना बसली नाही. सातलाच जेवून घ्यायची. बेनने कुंपणावरून विचारलं की सांगायची, “ठाऊक नाही हो.”

बायको पुढे पुष्कळ वर्षं जात राहिली आणि दर वेळी परत आली. ती आली त्यात तिच्या कानाचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे मोजायला काही साधन नाही. आई गेली तेव्हा ती दूर होती, तिसऱ्या दिवशी पोचली. मुलगी शिकून बंगळुरात नोकरीला लागली. आता बायको लढाईवर जात नाही. दिल्लीत राहून नव्या मुलामुलींना तयार करते, आणि त्यांत मुलीच जास्त असतात असं सांगते. दोन-अडीच महिन्यांनी चार दिवस बडोद्याला येते. बडोद्याला कायमचं यायचं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “इथे येऊन मी काय करू?” प्रश्न रास्त होता. 

मागच्या खेपेला दुपारी जेवताना तिने आपणहून त्या प्लॉटचा विषय काढला. तिथे आता शेड उभी आहे.

“तो शेवटचा मला कळलाच नव्हता,” ती म्हणाली. “उगाच मध्ये कुठेतरी हात केला. वाटलं, आता हा नाही म्हणणार.”

“रेषेवर होता.”

“असेल.”

“मी नाही म्हटलं असतं तर राहिली असतीस?”

तिने भात कालवला. “माहीत नाही. कदाचित भांडून गेले असते. पण तू म्हणायला हवं होतंस. कान राहू दे. तुला काय हवंय ते.”

“तू मोजायला सांगितलं होतंस.”

“हो,” ती म्हणाली. “ते तू नीट केलंस.” रागाने नाही. हात धुऊन ती मुलीच्या खोलीत आडवी झाली.

ती उजव्या कुशीवर झोपते. चांगला कान उशीत गेला की तिला काही ऐकू येत नाही, म्हणून तिला कुठेही झोप लागते. मी ताटं उचलली, भात झाकला, आणि तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिची पाठ माझ्याकडे होती. मी म्हणालो, “तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. सगळा वेळ.” नेहमी बोलतो त्याच आवाजात म्हणालो. ती हलली नाही. तिने ते ऐकलं नाही, म्हणून मी ते सांगितलं असं धरत नाही.